तक्ता पाठ होता

दुकानातला तक्ता बदलला, तो दिवस चष्मेवाला जन्मात विसरायचा नाही. तक्ता म्हणजे डोळे तपासायचा. वर एकच ढब्बं अक्षर, त्याखाली दोन, मग तीन, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ, जी वाचता आली की माणूस उगाचच छाती पुढे काढतो. जुना तक्ता चौतीस वर्षं एकाच भिंतीवर होता. त्याच्या कडा झिजल्या होत्या, मागचा दिवा लागला की मधोमध एक तपकिरी डाग दिसायचा, आणि गिऱ्हाइकं विचारायची, मास्तर, हा डागसुद्धा वाचायचा का? शेवटी एकदाचा त्यानं नवा तक्ता मागवला. नव्यात अक्षरं दुसरी होती, मांडणी दुसरी होती. सकाळी दुकान उघडल्याबरोबर तो स्वतः स्टुलावर चढला आणि खिळा ठोकून त्यानं तो लावला. खाली स्टूल धरून बायको उभी होती.

"बस," खाली उतरून तो म्हणाला. "पहिला मान तुझा."

ती हसत खुर्चीत बसली. त्यानं तिच्या उजव्या डोळ्यावर काळी झाकणी धरली आणि दिवा लावला. ती डाव्या डोळ्यानं वाचू लागली, आणि घडाघडा वाचत गेली, कुठं अडखळणं नाही की काही नाही, थेट तळाच्या ओळीपर्यंत. फक्त ती वाचत होती तो जुना तक्ता.

त्याला वाटलं, बाईसाहेबांना आज थट्टा सुचलीय. हसला तो. पुरे कर आता, नवा वाच, म्हणाला. तिनं मान वळवून विचारलं, "का? चुकलं का कुठं?"

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. त्यानं पुन्हा वाचायला सांगितलं, तिनं पुन्हा तेच वाचलं. मग झाकणी तिच्या हातात देऊन, तशीच धरायला सांगून तो भिंतीपाशी गेला आणि सगळ्यात वरच्या, मुठीएवढ्या अक्षराखाली बोट ठेवून त्यानं विचारलं, हे काय आहे? ती बराच वेळ बघत राहिली. "ट," ती म्हणाली. तिथं म होता.

आता तुम्ही म्हणाल, बाई खोटं बोलत होती. अजिबात नाही. त्या बाईला खोटं बोलता येत असतं तर तिचा संसार जरा सोपा झाला असता. चौतीस वर्षं रोज सकाळी त्या तक्त्यावरची धूळ तिनंच पुसली होती. समोर बसलेलं एखादं शाळकरी पोर अडलं की ही मागून हळूच अक्षर सांगायची, आणि मग नवरा खेकसायचा, अगं, डोळे त्याचे तपासतोय की तुझे? बाजारातून चार वस्तू आणायला गेली तर दोन विसरून येणारी ही बाई, पण तक्ता तिला उलटसुलट पाठ होता. डावा डोळा मंदावत गेला, अक्षरं विरत गेली, आणि त्या जागी ओळखीची अक्षरं आपोआप येऊन बसत गेली. तिला दिसतंय असंच वाटत होतं. अक्षरं तिथं आहेत हे पक्कं माहीत असताना ती दिसत नसतील, असं मनात तरी कशाला येईल?

आणि नवरा? त्याचं काय सांगावं! दरवर्षी दुकानाच्या वाढदिवशी तो तिला खुर्चीत बसवून तपासायचा, दरवर्षी ती तळाची ओळ म्हणून दाखवायची, आणि मग पुढचं वर्षभर हा सांगत सुटायचा की आमच्या हिचे डोळे म्हणजे घारीचे डोळे. दुकानाच्या दारात त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, की चाळिशी ओलांडली असेल तर डोळ्यांतला दाब डॉक्टरांकडून तपासून घ्या. ज्याला त्याला तो त्यासाठी पिटाळायचा. शेजारचा घड्याळवाला चार वर्षं टाळाटाळ करत होता, तर त्याला यानं बखोट धरून नेलं होतं. बायकोला मात्र एकदाही नेलं नाही. तळाची ओळ वाचणाऱ्या माणसाला कशाला न्यायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

त्यानं तक्त्याचा दिवा मालवला, तिच्यासमोर बसला आणि विचारलं, कधीपासून? तिनं आठवून आठवून सांगितलं. वर्ष झालं असेल, दीड झालं असेल. डाव्या बाजूनं कुणी आलं की एकदम अंगावर आल्यासारखं वाटायचं. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. दुकानात चष्म्याच्या काड्यांना बारके स्क्रू बसवायचं काम तिचं, तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. पण हल्ली स्क्रू डोळ्यांनी सापडत नसे, बोटांनीच शोधावा लागे. वय झालं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

"मग मला का नाही बोललीस?"

"देवाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "रोज सांगत होते."

इथं त्याचा तोल सुटला. "देवाला सांगितलंस! चष्म्याचं दुकान देवाचं आहे की माझं? दहा पावलांवर बसतो मी तुझ्यापासून, दहा पावलांवर! आणि तू सांगतेस त्याला?"

ती एवढंच म्हणाली, की तुम्ही घाबरला असतात. हे काही खोटं नव्हतं. घाबरण्यात त्याचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. त्याची भीती रागाचे कपडे घालून बाहेर पडायची, म्हणून लोकांना ती ओळखू यायची नाही, एवढंच. बायकोला यायची.

तिच्या देवाबद्दल इथंच सांगायला हवं. रोज संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायची आणि दहा मिनिटं देवाशी बोलायची. साधं बोलणं. आज कोण आलं, कुणाचा नंबर वाढला, लेकीचा फोन आला की नाही, कुणाशी आपण वाकडं बोललो. आणि शेवटी, "माझं सांगून झालं, आता तुझ्या हवाली." चष्मेवाला शेजारी बसून असायचा. तो नास्तिक होता असं नाही; देव आहे की नाही यापेक्षा शटरचं कुलूप नीट लागलंय की नाही, याची त्याला जास्त काळजी होती, इतकंच. ती बोलते ते चांगलं आहे, घरात कुणीतरी ते बोललेलं बरं, असं त्याचं मत होतं.

त्याच दुपारी तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या याला ओळखत होत्या, त्यानं पाठवलेली शेकडो माणसं त्यांनी तपासली होती. त्यांनी दोन तास लावले आणि मग दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस सुकली आहे, तो गेला. उजव्याचीही कडेकडेची नजर गेली आहे, फक्त मधला भाग शाबूत आहे, म्हणून बाई अजून हिंडतात-फिरतात. दाब फार वाढलेला आहे. ऑपरेशन करून उजव्या डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला एक बारीक वाट करून देता येईल. सात आठवड्यांनी कळेल. वाट उघडी राहिली तर आहे तेवढी नजर जन्मभर टिकेल, नाही राहिली तर तीही जाईल. "गेलं ते परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलंय ते राखायचं बघू."

चष्मेवाल्यानं विचारलं, दीड वर्ष आधी आलो असतो तर? बाईंनी कागद सारखे केले, आणि आता मागं बघण्यात अर्थ नाही, असं म्हणाल्या. त्याला हवं ते उत्तर, म्हणजे नको ते उत्तर, मिळालं.

ऑपरेशन झालं, आणि ते सात आठवडे सुरू झाले. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे. त्यासाठी घड्याळवाल्यानं गजराचं एक जुनं घड्याळ आणून दिलं, जे वाजलं की अख्ख्या रस्त्याला कळायचं की मास्तरांच्या बायकोच्या डोळ्यात औषध पडलं. घड्याळवाला भला माणूस, पण रोज एक नवा उपाय घेऊन यायचा. कुणाच्या मावसभावाला अमुक मुळीनं दिसायला लागलं, कुणाच्या सासूला तमुक अर्कानं. चष्मेवाल्यानं एक दिवस त्याला सांगितलं, की तुझ्याकडे बिघडलेलं घड्याळ आणून मी कधी म्हणतो का, याला जरा लिंबू पिळून बघ? तेव्हापासून तो नुसता येऊन बसू लागला. नुसतं बसणाऱ्या माणसाचा फार आधार असतो, हे चष्मेवाल्याला त्या वेळी कळलं.

लेक परगावी नोकरीला होती. तिला कळवल्यावर ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही दिवसभर तिच्यासमोर बसता. दिवसभर. तुम्हाला कळलं कसं नाही?" बायकोनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि लेकीला बजावलं की बाबांना यातलं अक्षर बोलायचं नाही, तक्ता पाठ मी केला होता, त्यांनी नाही. लेक रडायला लागली तेव्हा हीच तिची समजूत काढत बसली. जिचा डोळा जातोय ती समजूत काढतेय, आणि ज्यांचे डोळे धड आहेत ते रडतायत, असला तो उलटा कारभार होता.

पण तिचं ते शांत राहणंच त्याला झोंबायला लागलं. ती सकाळी उठायची, थेंबांसाठी मान मागं टाकायची, बोटांनी चाचपून स्क्रू बसवायची. एखादा खाली पडला की चष्मेवाला गुडघ्यांवर रांगत तो शोधायचा आणि टेबलाखाली गेल्यावर बराच वेळ तिथंच थांबायचा. ती वरून विचारायची, सापडला का? मग तो डोळे पुसून, सापडला, असं सांगत बाहेर यायचा. ती थट्टासुद्धा करायची. एकदा त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवढ्याशा फटीतून बघायचं म्हणजे पंचाईतच आहे. चष्मा दिसतो तेव्हा मिशी दिसत नाही, मिशी दिसते तेव्हा चष्मा नाही. एका वेळी निम्माच नवरा वाट्याला येतो."

"मग निम्माच राग येत असेल माझा," तो म्हणाला.

"राग ऐकू येतो हो," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, तिचं बाकावरचं बोलणं चालू असतानाच, तो मधे बोलला. आजवर कधी बोलला नव्हता. म्हणाला, माझा एक डोळा घ्यावा त्यानं, आणि हिचा एक राहू द्यावा. दोन माणसांत दोन डोळे पुरे. मी लिहून द्यायला तयार आहे. तिनं डोळे उघडले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"तो काय दुकानदार आहे का, हे घे आणि ते दे म्हणायला?"

"मग कशासाठी बोलतेस रोज? काय उपयोग?"

पढवलेलं उत्तर तिच्याकडे नव्हतं. "त्यानं ऐकलं, एवढं धरून चालायचं," ती म्हणाली. "माझ्या मनासारखं करील, असं नाही. ऐकलं, एवढंच. आणि मग त्याच्या वेळेची वाट बघायची. आपल्याला घाई असते, तिथं काय करणार?"

त्याला हे पटलं नाही. त्याला वाटलं, ही असली वाट बघता बघताच दीड वर्ष गेलं. हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तिचा हात त्याच्या हातावर होता, आणि तो गार पडला होता, म्हणून त्यानं ते गिळले.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, तो उतरला होता. चांगला उतरला होता. बाई पहिल्यांदा हसल्या. चष्मेवाल्याचे पाय जमिनीवर ठरेनात. परत येताना तो रस्त्यावरच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगत सुटला, घड्याळवाल्याला तर त्यानं मिठीच मारली, आणि वर कुणीतरी आहे बरं का, असं त्यालाच ऐकवलं. त्या संध्याकाळी शटर ओढल्यावर तो स्वतः आधी बाकावर जाऊन बसला, बायकोची वाट बघत, आणि देवाला मोठ्यानं म्हणाला की तुझे उपकार झाले, तुला मी काय काय बोललो ते विसरून जा.

बायकोनं ते ऐकून घेतलं, आणि मग हळूच म्हणाली, "दाब उतरला म्हणून देव आहे, असं नका करू हो. उद्या चढला तर मग काय म्हणाल?"

अपशकुनी बोलू नकोस, असं तो म्हणाला. पुढचे दोन आठवडे तो शीळ घालत काचा घासायचा. नव्या तक्त्यावरची धूळ आता तोच पुसायचा, तिला त्याच्या जवळही फिरकू देत नव्हता. न जाणो, हाही पाठ व्हायचा.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी डोळा लाल दिसायला लागला. जागरणानं असेल, ती म्हणाली. जागरण कसलं, असं त्यानं विचारलं, तर तिनं विषय बदलला. सातव्या आठवड्यात ठरल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली.

त्या दिवशी दाब मोजल्यावर बाई हसल्या नाहीत. नजरेचा घेर तपासायचा म्हणून त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं. ते यंत्र चष्मेवाल्याला ठाऊक होतं. एका पांढऱ्या घमेल्यात हनुवटी टेकवून समोर बघत बसायचं, कडेला कुठं उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. बटण दाबलं की टिक असा आवाज होतो. तो बाहेरच्या बाकावर बसला होता, दार लोटलेलं होतं पण लागलं नव्हतं, आणि आतलं सगळं ऐकू येत होतं.

टिक. टिक टिक. त्याच्या जिवात जीव आला. मग टिक. मग काही नाही. यंत्राची घरघर चालूच होती, म्हणजे ठिपके चमकत होते, आत अंधारात एकामागून एक चमकत होते, आणि बटण वाजत नव्हतं. बटण दाब, तो मनात म्हणत होता. दाब ना गं. टिक. पुन्हा घरघर. त्यानं दोन्ही गुडघे घट्ट धरून ठेवले. त्याला चौतीस वर्षांत हजारो माणसांनी तक्ता वाचून दाखवला होता, अडखळत, चुकत, अंदाजानं ठोकून देत. यंत्रापुढे अंदाज चालत नाही. ती शेवटची तीन मिनिटं, त्याच्या अंदाजानं तीन, एकही टिक आलं नाही. मग घरघर थांबली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की केलेली वाट बुजली. शरीराला ती जखम वाटते आणि ते ती भरून काढतं. कधी कधी होतं असं, कुणाची चूक नाही. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण इतकी थोडी नजर उरली आहे की ती टेबलावरच जायची भीती, म्हणून त्या सुचवणार नाहीत. थेंब चालू ठेवायचे. सहा महिने. फार तर वर्ष.

"आणि मग?" बायकोनं विचारलं.

"मग उजेड आणि अंधार एवढं कळेल," बाई म्हणाल्या. "पुढं तेही नाही."

ती बरं म्हणाली. बाईंचे आभार मानले. उठताना खुर्चीला अडखळली, तर खुर्चीलाच हात लावून, लागलं नाही ना, असं विचारल्यासारखं हसली, आणि ते बघून डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं.

घरी येताना तीच बोलत होती. जिन्याला एक दोरी बांधून घेऊ. स्क्रू तर आत्ताही बोटांनीच बसवते, त्यात काय फरक पडायचाय. दुकानात आल्यावर तिनं लेकीला स्वतः फोन लावून घेतला आणि असं काही सांगितलं, की जणू दवाखान्यात शेजारच्या कुणाचं तरी काही झालं होतं. लेक तिकडे हुंदके देत होती, ही इकडे म्हणत होती, वेडी आहेस का, अजून वर्ष आहे, तू रजा घेऊन ये, तुला पोटभर बघते. घड्याळवाला आला, एकदा दोघांकडे बघितलं, काही न विचारता बाकावर बसला आणि अर्ध्या तासानं डोळे पुसत निघून गेला. दुपारभर दोन गिऱ्हाइकं आली. चष्मेवाल्यानं त्यांचे डोळे तपासले. दोघांचे उत्तम होते. त्याला त्या दोघांचा इतका राग आला की नंतर त्याची त्यालाच लाज वाटली.

संध्याकाळी त्यानं शटर अर्धं ओढलं. ती बाकावर बसली, तो शेजारी बसला. बाहेरून जाणाऱ्या माणसांचे नुसते पाय दिसत होते. तो वाट बघत राहिला. ती सुरूच करेना.

त्याला वाटलं, मनातल्या मनात बोलत असेल. मग तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि त्याला कळलं की ती थरथरते आहे.

"आज माझ्याच्यानं होत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा."

"मी? मला कुठं येतं?"

"येईल तसं म्हणा."

"तुझ्यासारखं नाही गं मला जमत. तुझं आपलं पहिल्यापासून... तू शांत असतेस. मला ते नाही."

"कोण शांत आहे?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला रोज भीती वाटत होती. रोज. तुमच्या शेजारी रात्र रात्र जागी असायचे मी. तुम्हाला काय वाटलं, मला काहीच होत नाही? आंधळं व्हायचं मला नाही हो जमणार. मला तुम्हाला बघायचं असतं. मला लेकीला बघायचं असतं. मी त्याला शंभरदा सांगितलं."

एवढं बोलून ती रडायला लागली. ओठ दाबून नाही, मोकळ्या गळ्यानं, लहान मूल रडतं तशी. चौतीस वर्षांत त्यानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तो आजवर समजत होता की कुणाचे केस कुरळे असतात तसा हिचा स्वभावच शांत आहे, आयता मिळालेला. तसं नव्हतं. रोज संध्याकाळी या बाकावर बसून ती तो मिळवत होती, दुसऱ्या दिवसापुरता, आणि दुसऱ्या दिवशी संपला की पुन्हा बसत होती. आज बसली, आणि मिळाला नाही.

शेवटी त्यानं डोळे मिटले, कारण तिच्याकडे बघत बोलणं शक्यच नव्हतं.

"देवा," तो म्हणाला, "मी तिचा नवरा बोलतोय. मला तुझा राग आलाय, हे आधीच सांगून टाकतो. ही दीड वर्ष तुला सांगत होती. तू ऐकलंस, असं ही म्हणते. मला तसं काही दिसलं नाही. आज त्या खोलीबाहेर बसलो होतो तेव्हा तू कुठं होतास, ते मला माहीत नाही." पुढचं बोलायला त्याला फार कष्ट पडले. "पण ही म्हणते तू ऐकतोस, तर मी तेच धरून चालतो. तिच्या शब्दावर. आज तिच्यात बळ नाही, तर आज माझ्याकडून घे. उद्याही मीच बसेन. ती बोलायला लागेपर्यंत मी बसेन रोज. तिला अंधारात एकटं सोडू नकोस. मी आहे, पण मी पुरणार नाही, हे तुला ठाऊक आहे. मी घाबरट माणूस आहे." मग त्यानं तिचंच शेवटचं वाक्य म्हटलं. "झालं माझं सांगून. आता तुझ्या हवाली."

शेजारचं रडणं थांबलं होतं. त्यानं डोळे उघडले. ती डोळे मिटून बसली असेल, असं त्याला वाटलं होतं. रोज ती तशीच बसायची. पण तिनं मान पूर्ण वळवली होती, आणि ती त्याच्याकडे बघत होती, लाल झालेला तो एक डोळा ताणून, गालांवरून पाणी वाहत असताना.

"डोळे का नाही मिटलेस?" त्यानं विचारलं.

"मिटायला पुढं खूप वेळ आहे," ती म्हणाली. "जरा सरका. असे समोर या."

तो उठला, तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. ती म्हणाली, थोडं मागं. तो मागं सरकला. अजून थोडं. आता उजवीकडे. आता बास. आता सगळे दिसताय, म्हणाली. तिचं बघून होईपर्यंत तो तिथंच बसून राहिला, आणि त्यानं मान हलवली नाही.